बसकी गाडी

गाडी घ्यायची होती सुमेधला, चालवायची सुमेधला, पैसे सुमेधचे. पण आनंदाची उकळी फुटली ती त्याच्या बापाला. थंडीचे दिवस होते. नत्थूजी अंगणात खाटेवर उन्हाला पाय देऊन बसला होता आणि सुमेध नळाजवळ उभा राहून फोनवर कोणाला तरी सांगत होता, "मले शोची नाही पाह्यजे भाऊ, रोजची पाह्यजे. रोज सौंसर जानं, रोज वापस येनं." बस्स. पुढचं नत्थूजीनं ऐकलंच नाही. रोज सौंसर, एवढंच त्याच्या कानात घुसलं आणि तिथंच ठाण मांडून बसलं.

कारण सौंसरला कलाबाई होती.

कलाबाई म्हणजे नत्थूजीची बायको. थोरला पोरगा गौतम सौंसरला राहतो, त्याच्याकडे ती सुनेच्या बाळंतपणाला म्हणून गेली. बाळ रांगायला लागलं, चालायला लागलं, शाळेतसुद्धा जायला लागलं, पण बाई काही पांढुर्ण्याला परत आली नाही. नत्थूजी सगळ्यांना सांगायचा की पोरांनी मायबापाची वाटणी केली, माय थोरल्यानं घेतली, बाप धाकट्याच्या गळ्यात पडला. "बैलजोडी फोडली पोट्ट्यायनं," असं तो विहाराच्या ओट्यावर बसून म्हणे, आणि तिथले बाकीचे म्हातारे मान हलवत. त्यांच्याही घरी थोड्याफार फरकानं तेच चाललं होतं. बोलून झालं की नत्थूजीला आपल्या दुःखाचा जरासा अभिमानच वाटायचा.

थोरल्या सुनेला फोन लावला तर कलाबाई कधी विहारात गेलेली असे, कधी नहाणीत, कधी झोपलेली. "सून बोलू देत नाही तिले," हा नत्थूजीचा निकाल. "कामाले जुंपून राहिली असन." स्वतः उठून जावं तर गुडघे. जन्म गेला रेल्वेच्या रुळावर, उकिडवं बसून आणि घण मारून. गुडघ्यांच्या वाट्या पार झिजल्या होत्या. बसची पायरी त्याला चढवत नव्हती. एकदा हिंमत केली तेव्हा कंडक्टरनं काखेत हात घालून त्याला पोत्यासारखा वर ओढला आणि अख्खी बस हसली. त्यानंतर त्यानं बसचं नाव काढलं नाही.

आता गाडी येणार, तीही रोजची. सुमेधची नोकरी सौंसरला, सरकारी कचेरीत. सकाळी त्याच्यासोबत निघायचं, दिवसभर कलाबाईजवळ बसायचं, तिच्या हातचं खायचं, संध्याकाळी त्याच गाडीत परत. नत्थूजी मनात मांडे खाऊ लागला. पोराला त्यानं एकदाही विचारलं नाही. बापानं कायले विचारायचं? गाडीत बापाची जागा असतेच, असं तो धरून चालला. आता धरून चालणाऱ्याला कोणी काय करावं?

जुन्या गाड्यांचा धंदा करणारा देवीदास पांढुर्ण्यात सगळ्यांना माहीत. नागपूर रोडला त्याचं आवार आहे. माणूस बोलका, आणि अगदीच खोटारडा नाही; जे खोटं उघडं पडेल ते तो बोलत नसे. रविवारी सुमेध निघाला तसा नत्थूजी आधीच फाटकाशी तयार. डोक्यावर टोपी, अंगात इस्त्रीचा सदरा. सुमेधनं त्याच्याकडे पाहिलं. मग ऑटो बोलावला.

देवीदासनं आधी एक उंच पांढरी गाडी दाखवली. कोणा सरपंचाची होती, मागच्या काचेवर अजून त्याच्या आडनावाचं स्टिकर होतं. नत्थूजीनं दार उघडलं, बूड टेकवलं, पाय आत घेतले. खुर्चीत बसावं तसा बसला. ना हाताला धरावं लागलं ना गुडघा कुरकुरला. म्हातारा असा खुलला म्हणता, की खाली उतरायलाच तयार नाही. "हेच घे," तो आतूनच म्हणाला. "हे रोजची आहे."

"डोलते बाबा," सुमेध म्हणाला. "वळनावर लोटते."

"गाडी आहे, डोलनच."

तिथं देवीदासकडे आलेले दोन-चार लोक उभे होते. ऐकायला माणसं मिळाली की नत्थूजीच्या जिभेला पाय फुटायचे. त्यानं खिडकीतून हात बाहेर टाकला आणि आपली लुनाची गोष्ट सुरू केली. ही गोष्ट त्यानं अख्ख्या पांढुर्ण्याला सांगून झालेली होती.

"मी तिगाव टेसनवर होतो तवा. लुना घेतली होती, नवी. गहू भरला पोत्यात, पोतं बांधलं मांगं, अन निघालो पांढुर्ण्याले. गौतमची माय म्हने, मी कुठी बसू? म्या म्हटलं, तू बसली तं गाडीचा शॉकाप दबून जाईन. गव्हाले पाय नाहीत, तुले आहेत. ये मांगून." इथं तो थांबायचा, कारण इथं लोक हसायचे. "अन आली नं बाप्पा. मी हळूहळू चालवत, ते मांगून पैदल. मधात मधात मी वळून पाहो, येऊन राहिली का नाही. डोक्यावर गठुडं, पदर दातात, न झपाझप. मी घरी जाऊन चहा घेऊन बसलो तवा ते फाटकात."

लोक हसले. देवीदासही हसला, गिऱ्हाइकाच्या बापाला हसायचं नाही तर कोणाला? सुमेध मात्र दुसऱ्याच गाडीकडे चालत गेला होता. मधे एक राखाडी गाडी होती, मापात बरी, सीटही बरी. तिचं इंजिन चालू करून त्यानं बंद केलं आणि म्हणाला, "हिच्यात जीव नाही."

मग ती लाल.

ती आवाराच्या कोपऱ्यात उभी होती. उभी कसली, बसलेलीच होती. कोंबडी अंड्यांवर बसते तशी चाकांवर दबलेली. परदेशी बनावटीची, नागपूर पासिंगची, कोणा हौशी पोट्ट्यानं घेतलेली, आणि त्या दिवट्यानं स्प्रिंगा कापून ती मुळात होती त्याहून खाली आणलेली. सुमेध तिच्याभोवती फिरला. लहानपणापासून त्याला गाड्यांचं वेड. भिंतीवर तसबिरींच्या जागी गाड्यांची चित्रं चिकटवून मार खाल्लेला पोरगा तो. पण घाई केली नाही त्यानं. बोनेटवर हात ठेवून इंजिन गार आहे ना पाहिलं, मगच चावी फिरवायला सांगितली. दारांचे रबर ओढून पाहिले. चारही टायर बोटानं चाचपले, सारखे झिजलेत का. एसी लावून, क्लच दाबून, एकटाच जाऊन रोडला चक्कर मारून आला. परत आला तेव्हा त्याच्या तोंडावर नत्थूजीनं बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं असं हसू होतं.

देवीदासनं त्याला बाजूला घेतलं, पण आवाज काही बाजूला घेतला नाही. "सुमेधभाऊ, खरं सांगू? गाडी एक नंबर आहे. एका हातची, कुठी ठोकलेली नाही, टर्बो आहे, पाय देल्ला का उडते. पन तुमी म्हनता रोजची, तं रोजची नाही हे. सौंसरच्या रस्त्यानं प्रत्येक ब्रेकरले पोट घासन तिचं. अशी करू, मी कंपनीच्या स्प्रिंगा टाकून देतो. हातभर नाही पन चार बोटं वर येते गाडी. मंग रोज चालवा, काही टेन्शन नाही."

"नको," सुमेध म्हणाला. असं झटकन, की देवीदास दचकलाच. "अशीच राहू दे. मले बसकीच पाह्यजे."

नत्थूजीनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण अक्कल तरी असावी. नाकापेक्षा मोती जड. तरी तो मनात म्हणाला, जाऊ दे, पोट्ट्याची हौस आहे, आपल्याला काय, बसून जायचं. आणि तो बसायला गेला.

दार उघडून त्यानं एक पाय आत टाकला, वाकला, आणि मग गुडघ्यांनी साथ सोडली. म्हातारा वरून खाली पडला तो थेट सीटमध्ये. सीट म्हणजे बादलीच, दोन्ही बाजूंनी वर आलेली. बूड खाली, गुडघे छातीशी, टोपी नाकावर. उठायला गेला तर उठता येईना. हातानं धरायला काही सापडेना. एक पाय अजून बाहेरच. "अबे ओढ मले," तो म्हणाला. देवीदास आणि त्याचं एक गिऱ्हाईक, दोघांनी दोन काखेत हात घातले, आणि ओढताना पायजमा दाराच्या कडीत अडकून टर्रकन फाटला. पुन्हा तेच, पोतं. पुन्हा लोक हसले.

सुमेध चावी बोटात फिरवत उभा होता. पुढे आला नाही. बाप बाहेर निघून, टोपी नीट करून उभा राहिला तेव्हा तो म्हणाला, "पाहा बाबा. तुमचं काही जमत नाही याच्यात." आवाजात राग नव्हता. वाईट वाटल्यासारखंही नव्हतं. डॉक्टरनं रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणावं आणि ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडावा, तसा होता तो आवाज. नत्थूजीला ते खटकलं, पण फाटक्या पायजम्यात माणूस किती विचार करणार.

गाडी घरी आली. गल्लीतले लोक पाहून गेले, पेढे खाऊन गेले. सुमेध रोज सकाळी निघे आणि कोपऱ्यावरच्या ब्रेकरवर गाडीचं पोट खर्रकन घासे. नत्थूजी अंगणातून ते ऐके. संध्याकाळी पुन्हा खर्र. बाकी गाडी वाऱ्यासारखी, पण त्या एका ब्रेकरला रोज दोनदा नाक घासून जावं लागे. पुढची सीट रिकामी जायची आणि रिकामी यायची. नत्थूजीला त्या रिकाम्या सीटचा असा राग आला, जसं कोणी त्याच्या ताटातलं उचलून कुत्र्याला टाकत होतं.

मग एक दिवस म्हाताऱ्यानं मनावर घेतलं. गाडी वर येत नाही तर आपण खाली जायचं.

आधी तो खाटेवरून हात न टेकता उठायला शिकला. मग लोखंडी पेटीवरून. मग विटा मांडून त्यावर पाट ठेवला आणि मागच्या अंगणात, कडुलिंबाखाली, बसायचं आणि उठायचं, बसायचं आणि उठायचं. दुखायचं. असं दुखायचं की डोळ्यात पाणी यायचं, पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते अशाच माणसांसाठी. रुळावर उन्हात घण मारलेला माणूस होता तो. तेल लावायचा, पट्टी बांधायचा, आणि थोड्या दिवसांनी एक वीट कमी करायचा. पाट जमिनीला लागला की झालं, असं त्यानं ठरवलं होतं.

सून डिंपल हे स्वयंपाकघराच्या दारातून पाहायची. बाई वाईट नव्हती. चहा वेळेवर, भाकर वेळेवर, पण सासऱ्याशी बोलताना तिचा आवाज नेहमी दाराआडून आल्यासारखा यायचा. एकदा ती बाहेर आली आणि म्हणाली, "मामाजी, कायले जीवाले तरास देऊन राहिले? पडसान, हाड मोडन, मंग कोन करन?"

"मले गाडीत बसाचं आहे."

"गाडी काही तुमच्यासाठी नाही घेतली त्यायनं."

"मंग कोनासाठी? एकटाच तं जाते."

डिंपलनं पाटाखालच्या विटांकडे पाहिलं. मग तिनं कप उचलला आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी पाटाखालच्या विटा गायब. चौकशी केली तर म्हणाली, पाण्याच्या ड्रमखाली लावल्या. नत्थूजीनं शिवी गिळली, आणि कुंपणाजवळून दुसऱ्या विटा स्वतः उचलून आणल्या. त्या उचलताना त्याच्या लक्षात आलं की तो वाकलाय आणि उठलाय, आणि कोणाला हाक मारावी लागली नाही. त्या दिवशी तो एकटाच हसला. बायकोला उद्देशून म्हणाला, "गौतमची माय, आलोच मी."

संत्र्याचा मृग बहार मंडीत आला आणि शेतांत नवा गहू निघाला, तोवर पाट जमिनीला लागला होता.

त्या सकाळी सुमेध गाडी पुसत होता. नत्थूजी घरातून निघाला, अंघोळ करून, पांढरा सदरा घालून. हातात कापडी पिशवी, तिच्यात नव्या गव्हाचं पीठ. आदल्या दिवशी मुद्दाम चक्कीवर दळून आणवलं होतं. कलाबाईच्या हातचे मांडे खायचे होते त्याला. मनातले पुष्कळ खाऊन झाले होते. तिच्यासाठी काय न्यावं हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. पीठ नेलं की तीच करून वाढणार, मग आणखी काय पाहिजे बाईमाणसाला?

त्यानं दार उघडलं. गाडीकडे पाठ केली. पहिल्या दिवशी न सापडलेली दारावरची कडी धरली, बूड हळूहळू खाली सोडलं, टेकवलं, मग एक पाय हातानं उचलून आत, मग दुसरा. पिशवी मांडीवर. सुमेधचा फडका हातातच राहिला. म्हाताऱ्यानं तेवढ्यावर सोडलं नाही. पुन्हा पाय बाहेर काढले, कडी धरली, दात आवळले आणि उभा राहिला. पुन्हा बसला. "चाल," तो म्हणाला. "आता रोज येतो मी."

सुमेधनं घराच्या दाराकडे पाहिलं.  "आज नाही बाबा," तो म्हणाला. "आज मले काम आहे."

"तुले हापिसात काम आहे. मले तुह्या मायजवळ सोड अन जाय."

"बाबा, उतरा."

दारात डिंपल उभी होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "घेऊन जा त्याईले," ती म्हणाली. "एकडाव होऊनच जाऊ द्या. मायलेच सांगू द्या काय सांगाचं ते. आपन कायले वाईट व्हाचं?"

नत्थूजीला वाटलं सून आपल्या बाजूनं बोलली. त्यानं तिला पहिल्यांदाच आशीर्वाद दिला.

कोपऱ्यावर गाडीचं पोट खर्रकन घासलं आणि मग मोकळा रस्ता लागला. काय उडत होती गाडी. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, कापसाच्या पऱ्हाट्या उपटून मोकळी झालेली रानं, आणि खाली, अगदी बुडाखाली, रस्ता धावताना. नत्थूजीला पोराच्या हौसेची आता कुठे समज पडली. तो हसत होता. त्यानं डॅशबोर्डवर थाप मारली. "मस्त आहे तुही गाडी. जमिनीवर बसून उडते."

सुमेध समोर पाहून चालवत होता, उगाच जोरात. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "बाबा, त्या लुनावर मायले काहून नाही बसवलं?"

"सांगतलं नं, शॉकाप जाईन म्हून. पोतं होतं मांगं."

"पोतं उतरवून ठेवलं असतं. दुसऱ्या खेपेत आनलं असतं."

"वा. गहू कोन सोडते टेसनवर?" नत्थूजीला गोष्ट आठवून पुन्हा मजा वाटायला लागली होती, म्हणून तो त्यात आणखी एक तुकडा घालून गेला. "अन तुले माहीत आहे का, तवा तू पोटात होता. सातवा चालू होता तिले. म्हनजे तूही पैदलच आला तिगावहून, समजलं?" आणि तो हसला.

सुमेधला ते माहीत होतं. आईनं सांगितलं होतं, आणि तिनं सांगताना ती गोष्ट हसायची नव्हती. घरी पोचल्यावर रात्रभर पोटात कळा, पायांवर सूज, आणि नवऱ्याचं एकच वाक्य, चहा थंड झाला माहा, दुसरा ठेव. पण आता सांगून काय होतं? त्यानं गाडी आणखी जोरात घेतली. सौंसर येईपर्यंत नत्थूजी मनातल्या मनात दुपारचं जेवण ठरवत होता.

गौतमचं घर गावाच्या या टोकाला, विहार त्या टोकाला. अंगणात, सावलीत, कलाबाई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. नत्थूजीला आधी ती ओळखूच आली नाही. जरा भरली होती. डोळ्यांना चष्मा, अंगावर पांढरी कडक साडी, केस नीट बांधलेले. हातात मोबाइल, आणि त्याच्यात काहीतरी पाहून ती हसत होती. फोन होता तर तिच्याजवळ. कामाला जुंपलेली बाई अशी नसते.

लाल गाडी दिसली तशी ती उठली. "आला का रे सुमेध," म्हणून पुढे आली, तोंडभर हसत. सुमेध आपल्या बाजूनं उतरला, मग डावं दार उघडलं. आधी एक पाय बाहेर आला, मग दुसरा, मग कडीला धरलेला हात, आणि मग नत्थूजी, कोणाच्या आधाराशिवाय, ताठ उभा. पिशवी सीटवरच राहिली. त्याला वाटलं ती पळत येईल.

कलाबाई जागीच थांबली. तिचं हसू एकदम नाही, हळूहळू गेलं. ती नवऱ्याशी बोलली नाही. गाडीवरून पलीकडे, पोराला म्हणाली, "तुले म्हटलं होतं नं, बसकी घेजो."

"बसकीच आहे माय," सुमेध खाली पाहत म्हणाला. "शिकले ते."

"काय?" नत्थूजी म्हणाला.

"काही नाही," कलाबाई म्हणाली. आता ती त्याच्याकडे वळली, आणि शांतपणे, निवडलेल्या तांदळात हात फिरवावा तशी बोलायला लागली. "सुमेधनं मले पुसलं, माय, रोजची गाडी घ्याची आहे, कोनती घेऊ? म्या म्हटलं, तुह्या मनाची घे. फक्त अशी घेजो का तुह्या बापाचं बूड तिच्यात मावलं नाही पाह्यजे. पोरगा गुनाचा, मायचं ऐकलं त्यानं."

नत्थूजी हसला. त्याला वाटलं गंमत करतेय. तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याचं हसू ओठावरच वाळलं. "गौतमनं नेलं तुले," तो म्हणाला. "पोरायनं वाटनी केली आपली."

"कोनी वाटनी नाही केली. गौतमले म्याच म्हटलं, मले ने. बाळंतपन निमित्त होतं. मी आली. मले कोनी आनलं नाही."

"अन फोन?"

"मीच सांगतो सुनेले, सांग नहानीत आहे म्हून."

"गौतमची माय," नत्थूजी म्हणाला, "म्या कडुलिंबाखाली पाट मांडून मांडून... गुडघे फुटले माहे. तुह्यासाठी. रोज यीन म्हनलं. सकाळी यीन, संध्याकाळी जाईन, तुले काही तरास नाही."

"रोज?" कलाबाई म्हणाली. तो शब्द तिनं तोंडात असा फिरवला जसं घासात खडा लागावा. "रोज तं पाहिलं तुमाले. लगन झालं तवापासून रोजच पाहिलं. आता नाही पाहा वाटत. मी इथं सकाळी उठतो न कोनाचा चहा थंड होत नाही. तुमी येऊ नका. आले तं मी बोलनार नाही, रांधनार नाही, बसा बाहेर वसरीत."

  सुमेधनं घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "माय, मले उशीर होऊन राहिला."

"मलेही," कलाबाई म्हणाली. "विहारात बायका जमल्या असतीन. मले सोड अन मंग हापिसले जाय."

ती गाडीच्या डाव्या दाराशी आली. नत्थूजी तिथंच उभा होता, म्हणून ती म्हणाली, "सरका." तो सरकला. तिनं साडी सावरली, वाकली, आणि एका झटक्यात त्या बसक्या सीटमध्ये बसली, जशी पाटावर बसावी. कडी धरली नाही, पाय उचलून ठेवले नाहीत. तिचे गुडघे चांगले होते. जन्मभर पैदल चालली होती ती.

पिठाची पिशवी तिच्या खाली येत होती, ती तिनं काढून मांडीवर घेतली आणि आत पाहिलं. कशाचं पीठ ते तिला कळलं, आणि कशासाठी आणलं तेही कळलं. ती जराशी हसली.

"मी?" नत्थूजीनं विचारलं. "मी कुठी बसू?"

कलाबाईनं त्याच्याकडे वर पाहिलं. गाडी इतकी खाली होती की तिला मान बरीच वर करावी लागली. मग तिनं दार ओढून घेतलं, काच खाली केली आणि म्हणाली, "पिठाले पाय नाहीत. तुमाले आहेत. या मांगून."

गाडी निघाली. गल्लीच्या तोंडाशी ब्रेकर होता, तिथं ती खर्रकन घासली आणि वळली. कलाबाईनं एकदा मान वळवून मागे पाहिलं, येतोय की नाही. नत्थूजी दोन पावलं चालला, तिसऱ्याला गुडघा दुमडला, आणि तो गौतमच्या फाटकाला धरून उभा राहिला.